रांगेतले बाकीचे

घरात तिला भुंगा म्हणत. लहानपणी एखादा प्रश्न डोक्यात शिरला की उत्तर मिळेपर्यंत ती आईच्या मागे गुणगुणत फिरायची. आई नर्स. रात्रपाळी करून घरी यायची, पाय बादलीत सोडून बसायची, आणि ही पोरगी समोर उभी: "मेलेल्या माणसाचे डोळे कोण मिटतं? त्याला पैसे मिळतात का? तो विसरला तर?" भुंगा लाकूड पोखरतो, ही माणसं पोखरते, असं आई म्हणायची. पुढे पोरगी मोठी झाली, चष्मा लागला, विद्यापीठात गेली, पण नाव तेच राहिलं.

निरपराध माणसांना शिक्षा कशी होते यावर ती पीएचडी करणार, हे ऐकून आईने कपाळाला हात लावला.

"चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण शाळेतल्या पोरांनाही येते. त्यावर एवढी वर्षं काय लिहिणार तू?"

"संन्यासीच कसा सापडतो, ते लिहिणार."

"गरीब असतो म्हणून सापडतो. घे, झालं तुझं पुस्तक."

आईचं काही चुकलं नव्हतं. पण आईला जे एका वाक्यात कळतं ते विद्यापीठाला तीनशे पानांत पटवावं लागतं, आणि त्याचीच तर पदवी असते.

विद्यापीठात तिला जी खोली मिळाली होती तिला खोली म्हणणं हा खोलीचा मान होता. दोन टेबलं, चार संशोधक, आणि एक लोखंडी कपाट, ज्याचं दार पुठ्ठ्याची घडी खोचल्याशिवाय बंद राहत नसे. तिथे बसून ती जुने निकाल वाचायची. त्यांत पुन्हा पुन्हा ओळख परेड यायची. म्हणजे संशयिताला सहा-सात साध्या माणसांच्या रांगेत उभं करायचं आणि साक्षीदाराला म्हणायचं, यातला कोण तो दाखव. साक्षीदाराने संशयितावर बोट ठेवलं की पुरावा पक्का. या परेडवर जगभरच्या विद्वानांनी ढीगभर लिहून ठेवलं होतं. साक्षीदाराची नजर, त्याची भीती, त्या दिवशीचा उजेड, आठवण कशी मळते, सगळं. भुंगा वाचत राहिली आणि एक दिवस तिच्या डोक्यात नेहमीप्रमाणे काहीतरी शिरलं. ती उठून तिच्या मार्गदर्शक सरांकडे गेली.

"सर, रांगेतले ते बाकीचे कोण असतात?"

"बाकीचे?" सर हसले. "ती खोगीरभरती. त्यांचं काय?"

"कोण असतात पण? कुठून आणतात त्यांना?"

सरांना माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं. कागदावर त्यांची नावंसुद्धा नसायची. 'इतर सहा इसम', विषय संपला. मग सर म्हणाले, "जा, शोध." हे मात्र त्या माणसाच्या बाजूने सांगायला हवं. दुसरा कुणी असता तर त्याने तिला आधी दहा पुस्तकं वाचायला लावली असती.

तर मग ती पोलीस ठाण्यांच्या आसपास बसू लागली. चहाच्या टपरीवर, सायकल दुरुस्तीच्या दुकानात, झेरॉक्सच्या यंत्राशेजारी. आणि काही महिन्यांत तिला जे कळलं ते इतकं साधं होतं की आधी कुणाला कसं दिसलं नाही याचंच तिला नवल वाटलं. कायदा म्हणतो, रांगेतली माणसं संशयितासारखी दिसणारी हवीत. पण भर दुपारी घामाघूम झालेला हवालदार कुठे जाणार तशी माणसं हुडकायला? तो फाटकाबाहेर येतो आणि हाकेच्या अंतरावर जो असेल त्याला बोलावतो. "चल रे, जरा भरतीला उभा राहा." चहावाला, इस्त्रीवाला, सायकलवाला. नाही म्हणायची कुणाची टाप नाही. ठाण्याच्या भिंतीला पाठ लावून धंदा करायचा, तर पाण्यात राहून माशाशी वैर कोण घेणार? त्यामुळे वर्षानुवर्षं तीच माणसं. काहींच्या तर रांगेत ठरलेल्या जागा होत्या. सायकलवाला नेहमी टोकाला, कारण त्याला लवकर निसटायचं असे. एकदा एका साक्षीदाराने चहावाल्यावरच बोट ठेवलं होतं, दरोडेखोर म्हणून. साहेब पोट धरून हसले आणि चहावाल्याला चहा करायला परत पाठवलं. त्या वेळी मात्र साक्षीदाराची खात्री आहे हो, असं कुणी म्हटलं नाही.

आता गुन्हा त्याच भागातला असेल तर साक्षीदारही त्याच भागातला. रोज ज्याच्याकडे चहा प्यायचा, कपडे टाकायचे, तीच माणसं रांगेत. मग अनोळखी उरतो कोण? एकच. तिथे माकडालाही बोट ठेवता येईल. भुंग्याचा सगळा शोध तो एवढाच. पण तो तिच्याआधी कुणी लावला नव्हता, हे खरं.

या माणसांपैकी तिचं सगळ्यात जमलं ते एका सलूनवाल्याशी. त्याच्या सलूनची मागची भिंत आणि ठाण्याची भिंत एकच होती. आत दोन खुर्च्या, एकीचं चामडं फाटलेलं, तीवर नवख्या गिऱ्हाइकाला बसवायचं. आरशावर साबणाचे शिंतोडे आणि कडेला गिऱ्हाइकांसाठी लाकडी बाकडं. भुंगा त्या बाकड्यावर इतके दिवस येऊन बसली की गिऱ्हाइकं तिला सलूनवाल्याची भाची समजू लागली. तो साठीकडे झुकलेला, बोलघेवडा, पण ठाण्याचा विषय निघाला की कात्री जोरात चालवायचा. शेवटी एक दिवस दुकान बंद करताना तो स्वतःहून म्हणाला, "मॅडम, सांगतो. पण माझं नाव?"

"कुठेही येणार नाही, काका."

"आणि ते यंत्र? त्यात माझा आवाज राहणार ना?"

"पुस्तक झालं की पुसून टाकणार. पुसलं की तुम्हाला फोन करून सांगेन. मग तर झालं?"

"नक्की?"

"नक्की."

मग त्याने सांगितलं. गल्लीतल्या औषधांच्या दुकानदाराचा खून झाला होता. संध्याकाळच्या अंधारात एक माणूस पळताना पाहिला होता समोरच्या वह्या-पेनांच्या दुकानातल्या बाईंनी. पोलिसांनी एका रंगाऱ्याला धरून आणलं. शेजारच्या इमारतीला रंग देत होता, परगावचा, एवढाच त्याचा संबंध. परेडसाठी हवालदाराने नेहमीप्रमाणे गल्ली गोळा केली. सलूनवाला होता, इस्त्रीवाला होता, सायकलवाला होता.

"त्या बाई आत आल्या, आमच्याकडे बघितलं, आणि इस्त्रीवाल्याला विचारतात काय, 'अरे, माझे कपडे झाले का?' साहेब ओरडले, बाई, बोलायचं नाही! आम्हाला हसू आवरेना. आम्ही सगळे खाली माना घालून हसतोय. तो एकटाच हसत नव्हता. त्याच्या नखांत पांढरा रंग होता, बोटं अशी चोळत होता. बाईंनी त्याच्यावर बोट ठेवलं." सलूनवाल्याने कात्रीचं पातं पुसलं. "बाई वाईट नव्हत्या हो. पण आमच्यावर कसं ठेवणार बोट? आमच्याकडे तर त्यांच्या मुलाचे केस कापायचे असतात."

ही हकीकत प्रबंधात गेली. सलूनवाल्याचा झाला 'सहभागी क', गल्लीची झाली 'एक बाजारपेठ', औषधांच्या दुकानाचं नुसतं 'दुकान' झालं. नखांतला रंग काढावा की ठेवावा यावर तिने बरेच दिवस घोळ घातला. त्यावरून माणूस ओळखता येईल का? सर म्हणाले, "ठेव गं. पांढरा रंग काय एकाच्याच नखात असतो?" तो राहिला.

प्रबंध मान्य झाला आणि भुंग्याने दिलेला शब्द पाळला. विद्यापीठाच्या नैतिकता समितीचा नियमच होता तसा: काम संपलं की आवाज आणि खऱ्या नावांची यादी नष्ट करायची. नियम कागदावर सगळ्यांना होता. पाळत कुणी नसे. खोलीतल्या बाकी तिघांच्या मुलाखती वर्षानुवर्षं त्या पुठ्ठा खोचलेल्या कपाटात पडून असायच्या. भुंग्याने मात्र सगळं पुसलं, प्रती पुसल्या, प्रतींच्या प्रती पुसल्या, याद्या फाडल्या आणि सलूनवाल्याला फोन लावला. "काका, पुसलं." तो म्हणाला, "बरं केलंत." आईला सांगितलं तेव्हा आई पहिल्यांदा तिच्या संशोधनावर खूश झाली. पेशंटचं बोलणं पेशंटच्या उशाशी ठेवून यायचं असतं, असं आईने आयुष्यभर मानलं होतं. नियम चांगला होता. माणूस वाईट नियमांतून पळवाट काढतो, चांगले नियम त्याला गोत्यात आणतात.

पुढे एका वर्तमानपत्राने तिच्या कामावर लेख छापला. लेख आला त्याच आठवड्यात खोलीच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. पन्नाशीची, गळ्यात मोजपट्टी, घाईत काढायची राहून गेलेली. शिवणकाम करणारी होती. हातात लेखाचं कात्रण.

"हे नखांतल्या रंगाचं तुम्ही लिहिलंय?"

"हो. बसा ना."

ती बसली नाही. "तो माझा धाकटा भाऊ आहे. जन्मठेप लागलीय त्याला. परेड झाली त्या दिवशी मी ठाण्याबाहेर होते. त्याने हात धुवायला पाणी मागितलं तर दिलं नाही त्यांनी. नंतर मला म्हणाला, ताई, सगळे हसत होते आणि मला कळेना का हसतायत." मग ती बसली, आणि एकदम रडायलाच लागली. खोलीतले बाकीचे तिघे एकेक करून बाहेर गेले. "इतकी वर्षं मी हे एकेकाला सांगत फिरतेय बाई, की सगळे हसत होते. कुणाला खरं वाटलं नाही. तुमच्याकडे ते छापलेलं आहे!"

भुंग्याला त्या क्षणी काय वाटलं? आनंद झाला. खोटं कशाला बोला. आपलं काम कागदावरून उठून एखाद्या माणसाला हात देऊ शकतं, असं स्वप्न प्रत्येक संशोधक बघतो आणि मुद्दाम विसरून जातो. तिचं दारात उभं होतं, गळ्यात मोजपट्टी घालून. तिने त्या बाईचा हात धरला आणि म्हणाली, "ताई, आपण सोडवू त्याला." हे वाक्य तिने बोलायला नको होतं.

ताईची वकीलबाई स्वस्तातली पण मनापासून काम करणारी होती. अपील पडून होतं, त्यात नवा पुरावा द्यायची परवानगी ती खटपट करून मिळवू शकत होती. तिने भुंग्याचं सगळं ऐकलं आणि पेन उघडलं. "उत्तम. मुलाखतीचं रेकॉर्डिंग द्या."

"पुसलं."

"बरं, मग नावांची यादी."

"फाडली."

वकीलबाईने पेन बंद केलं. "का?"

का, याचं उत्तर भुंग्याकडे होतं. सगळे नियम, सगळी कलमं तोंडपाठ होती. ते सांगत बसण्यापेक्षा ती उठली. एका संगणकवाल्याकडे जाऊन तिने यंत्र दाखवलं. त्याने दोन दिवस ठेवून घेतलं आणि परत देताना कौतुकाने म्हणाला, "इतकं स्वच्छ कुणी पुसत नाही हो." शेजारच्या टेबलावरच्या आळशी मुलाच्या, कपाटात पडून असलेल्या मुलाखतींकडे बघून तिला त्या रात्री जळजळ झाली. तो आळशी होता, पण त्याचा सलूनवाला अजून कपाटात होता.

रांगेतल्या बाकीच्यांपैकी इस्त्रीवाला वारला होता. सायकलवाला गाव सोडून गेला होता, कुठे ते कुणाला ठाऊक नव्हतं. वह्या-पेनांच्या बाई आता मुलाकडे राहत होत्या. वकीलबाई जाऊन आली. "मी कशाला खोटं बोलू?" एवढंच त्या म्हणाल्या. इस्त्रीवाल्याला काही विचारल्याचं त्यांना आठवत नव्हतं. राहिला सलूनवाला.

भुंगा गेली तेव्हा तो एका हवालदाराची दाढी करत होता. ती बाकड्यावर बसली. हवालदार गेला, आणि सलूनवाल्याने तिला न विचारता शटर अर्धं ओढलं.

"पेपरात आलंय ते वाचलं मी," तो म्हणाला. "पलीकडचेही वाचतात."

"काका, तो माणूस आत सडतोय. तुम्ही कोर्टात फक्त खरं सांगायचं. मला सांगितलंत तेच."

"तुम्हाला का सांगितलं? तुम्ही पुसणार होतात म्हणून. पुसायचंच नसतं तर मी बोललोच नसतो. मग तुम्हालाही काही कळलं नसतं." तो चिडून बोलत नव्हता, समजावत होता. "मॅडम, मी इथे भिंतीला भिंत लावून जन्म काढलाय. मुलगा आता दुसरी खुर्ची चालवतो. मी उद्या सांगितलं, की परवा या दुकानाची पायरी रस्त्यात येते असं कुणीतरी मोजून जाईल."

"त्याची ताई..."

"ती आली होती परवा, गल्लीत दुकानोदुकानी विचारत. पाया पडायला लागली. मी आतल्या आत मेलो. पण नाही म्हणालो तिला. तुम्हालाही नाहीच म्हणतो."

घरी येऊन तिने आईला विचारलं. आईने निवडलेली भाजी बाजूला सारली. "शब्द मोडलास तर त्याचं वाटोळं. पाळलास तर त्या दुसऱ्याचं. अशा वेळी आम्ही डॉक्टरांना हाक मारायचो." मग आई म्हणाली, "तुमच्यात डॉक्टर कोण आहे?"

कुणी नव्हतं. सर म्हणाले, नाव सांगितलंस तर यापुढे एकही माणूस संशोधकाशी बोलणार नाही, तुझ्याशी नाही, माझ्याशी नाही. आणि आत, गजांच्या पलीकडून, रंगाऱ्याने ताईबरोबर निरोप पाठवला. भुंग्याला वाटलं होतं तो मोठ्या मनाने काहीतरी म्हणेल. निरोप एवढाच होता: "त्यांना सांग, नाव सांगा म्हणावं. मला बाहेर यायचंय."

तिने नाव सांगितलं.

कोर्टाची खोली लहान होती, पंखा मोठा होता. सलूनवाल्याला समन्स गेलं होतं, तो मागच्या बाकावर नवा शर्ट घालून बसला होता. भुंग्याने उभं राहून त्याच्याकडे बोट केलं. तो तिच्याकडे नव्हता बघत. सरकारी वकील सौम्य माणूस, आवाजही चढवला नाही त्याने.

"बाई, अशा किती लोकांशी बोललात तुम्ही?"

"बऱ्याच."

"सगळ्यांचे चेहरे लक्षात आहेत?"

"सगळ्यांचे नाही. यांचा आहे."

"मुलाखतीला बरेच दिवस झाले. रेकॉर्डिंग नाही, यादी नाही, सही नाही. कुणी दुसरा तर नसेल बोलला?"

"नाही. हेच होते."

"खात्री आहे?"

"पूर्ण खात्री आहे."

शब्द तोंडातून निघाला आणि तिला कळलं की तो याच शब्दाची वाट बघत होता. त्याने टेबलावरून तिचाच प्रबंध उचलला. खूण घालून ठेवलेलं पान उघडलं आणि शाळेत धडा वाचावा तसं नीट वाचून दाखवलं. "'साक्षीदाराला किती खात्री आहे यावरून तो किती बरोबर आहे हे ठरत नाही. खात्री आवाजात असते, आठवणीत असेलच असं नाही.' हे वाक्य तुमचं?"

"हो."

"आजही मान्य आहे?"

ती नाही म्हणू शकत होती. नाही म्हटलं असतं तर प्रबंध गेला असता, आणि प्रबंधाबरोबर रंगाऱ्याची उरलीसुरली आशाही. हो म्हटलं की ती स्वतः गेली. इकडे आड, तिकडे विहीर.

"मान्य आहे," ती म्हणाली.

"फार छान लिहिलंय," वकील म्हणाला, आणि त्यात चेष्टा नव्हती. हेच जास्त लागलं.

मग सलूनवाला उभा राहिला. परेडला कधी उभे होतात? नाही साहेब. या बाईंना ओळखता? दुकानात खूप लोक येतात साहेब. त्याची बोटं कठड्यावर रिकामी कात्री चालवत होती. न्यायमूर्तींनी ती पाहिली असतील, नसतील. रिकामी कात्री निकालात लिहिता येत नाही.

निकालात लिहिलं होतं ते असं: सदर संशोधन स्तुत्य आहे. यापुढे ओळख परेडसाठी माणसं दुसऱ्या भागातून आणावीत आणि त्यांची नावं नोंदवावीत, असे निर्देश देण्यात येत आहेत. परंतु प्रस्तुत प्रकरणात त्या परेडला गल्लीतली माणसं होती हे सिद्ध होत नाही. अपील फेटाळण्यात येत आहे. वरातीमागून घोडं आलं, आणि ज्याची वरात होती त्याला पायाखाली तुडवून गेलं.

निर्देशांचं कौतुक मात्र खूप झालं. त्याच वर्षी तिला 'उदयोन्मुख संशोधक' म्हणून पुरस्कार मिळाला. काचेचा ठोकळा, आत एक कोरलेली मशाल. मानपत्रात म्हटलं होतं की त्यांच्या योगदानामुळे प्रत्यक्ष व्यवहारात बदल घडला. घडला होता बदल, नाही कुठे? सलून बंद पडलं. सलूनवाल्याने कोर्टात एक अक्षर खरं सांगितलं नव्हतं, तरी भिंतीपलीकडच्यांनी आधी दाढीला यायचं सोडलं आणि मग खरंच एक माणूस टेप घेऊन पायरी मोजायला आला. शब्द मोडून तिने एकालाही वाचवलं नाही. तेलही गेलं, तूपही गेलं. पुढच्या कामासाठी ती दुसऱ्या एका ठाण्याबाहेरच्या टपरीवर जाऊन बसली, तर टपरीवाल्याने चहा दिला आणि पाठ फिरवली. काचेचा ठोकळा आईने टीव्हीवर ठेवला होता. भुंग्याने तो मशाल भिंतीकडे येईल असा फिरवला, आईने परत सरळ केला, तिने परत फिरवला. शेवटी आईने तसाच राहू दिला.

पण हे सगळं पुढचं. निकाल लागला त्याच आठवड्यात ताई भेटायला आली. या वेळी रडली नाही.

"बाई, भेटीचा दिवस आलाय. त्याला अजून कळलेलं नाही. मी जाणार नाही."

"ताई, तुमच्याशिवाय..."

"दर भेटीला मी काहीतरी चांगलं घेऊन जाते. नवीन वकील, नवीन तारीख, मग तुमचं पुस्तक. माझ्याकडे आता काही उरलं नाही. सोडवू म्हणाला होतात तुम्ही." तिने मोजपट्टी गळ्यातून काढून घडी घातली. "तुम्हीच सांगा त्याला."

म्हणून ती गेली. रंगाऱ्याला तिने कधी पाहिलं नव्हतं, त्याने तिला पाहिलं नव्हतं. अपिलाला कैद्याला आणत नाहीत. ती काय बोलायचं ते मनात जुळवत गेली आणि तुरुंगाच्या दारातच अडली. दारावरच्या शिपायाने विचारलं, "कैद्याशी नातं?" तो पेन धरून थांबला. "काहीतरी सांगा बाई, मागे लोक थांबलेत." ओळखीची, असं तिने सांगितलं.

भेटीच्या खोलीत मधोमध जाळी होती. अलीकडे भेटायला आलेल्यांची रांग. बहुतेक बायका, एक म्हातारे वडील, एक कडेवरचं मूल. सगळे एकमेकांना सरावलेले, जाळीवरच्या आपापल्या जागा धरून उभे. भिंतींना नवा पांढरा रंग दिला होता. पलीकडचं दार उघडलं आणि कैदी एकदम आत आले. त्यांतला एक, पाठीत जरा वाकलेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत रांगेवरून एकदा नजर फिरवून न अडखळता सरळ तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"तुम्ही त्या पुस्तकवाल्या बाई."

तिने मान हलवली. त्याने जाळीला बोटं लावली. नखांत पांढरा रंग होता. इथेही त्याला भिंतीच रंगवायला देत होते.

"ताई आली नाही," तो म्हणाला. "म्हणजे नामंजूर."

ती जुळवून आणलेलं सगळं विसरली. "हो."

"नवीन नियम झाला, एवढं शिपाई बोलत होते. बाहेरची माणसं आणायची रांगेत."

"झाला."

"मग तो मला का नाही लागत?"

तिने निकालाची भाषा आठवून पाहिली. त्याला सांगता येईल असं त्यात एकही वाक्य नव्हतं. तो वाट बघत राहिला, मग त्यानेच नजर वळवली. शेजारच्या बायका मोठमोठ्याने आपापल्या माणसांना घरची खबर देत होत्या. शिपायाने वेळ संपल्याची हाक दिली. तो जायला वळला, तेव्हा तिच्या तोंडून भलताच प्रश्न निघाला. भुंगा तो भुंगाच.

"मला कसं ओळखलंत तुम्ही? कधी पाहिलं नव्हतं ना?"

"त्यात काय अवघड?" तो म्हणाला. "इथे दर वेळी तीच माणसं येतात. बाकीचे सगळे ओळखीचे आहेत. तुम्हीच तेवढ्या नवीन."

एवढं सहज सांगून तो गेला. ती जाळी धरून तिथेच उभी राहिली, शिपायाने येऊन हटकेपर्यंत.